हेडर मोठा बसवला आणि गाडी खालून मेली: दोष मापाचा की दुसऱ्याच कशाचा?

तक्रार बहुतेक वेळा एकाच धाटणीची असते. जळका गॅस बाहेर नेणारा कंपनीचा ओतीव मॅनिफोल्ड काढून लांब नळ्यांचा हेडर बसवला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी. आवाज भरदार झाला, साडेपाच हजार आरपीएमच्या वर गाडी पूर्वीपेक्षा मोकळी धावते. पण दोन ते साडेतीन हजारांच्या मध्ये पेडल दाबलं की इंजिन नुसतं गुरगुरतं, उचलत नाही. जिथे चौथ्या गिअरमध्ये सहज भागायचं तिथे आता तिसरा टाकावा लागतो. मग कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "बॅक प्रेशर गेलं, मागे बारीक पाइप टाक." तो टाकला की वरचा फायदाही जातो आणि खालचं दुखणं बऱ्याचदा जिथल्या तिथे राहतं.

नळीचा व्यास इंजिनाला न साजेसा असेल तर खालचा टॉर्क (कमी आरपीएमला मिळणारा फिरवण्याचा जोर) जातो, हे खरंच आहे. पण एका पायरीने मोठा हेडर टाकून गाडी पार मरत नाही. जास्त गेलं असेल, धक्के बसत असतील, तर खोट गॅस्केटमध्ये, सेन्सरमध्ये किंवा ट्यूनमध्ये (ईसीयू, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, सेटिंगमध्ये) असण्याची शक्यता मापापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून स्वस्त आणि सोपं ते आधी तपासायचं. नळ्यांना हात सगळ्यात शेवटी.

किती गेलं, कुठे गेलं

१ ५/८ इंची नळीवरून पावणेदोन इंचीवर गेलं की आतलं क्षेत्रफळ साधारण १७ टक्क्यांनी वाढतं. याचा परिणाम सौम्य असतो. टॉर्कची रेघ खालच्या टप्प्यात थोडी खाली बसते, हळूहळू जुन्या रेघेला गाठते, ओलांडते आणि पुढे वरच राहते. सगळं गुळगुळीत. रेघेत मध्येच खड्डा असेल, म्हणजे २,४०० ते २,८०० मध्ये टॉर्क कोसळून पुन्हा सावरत असेल, तर ते काम व्यासाचं नव्हे. थंड इंजिनावर एक वागणूक आणि गरम झाल्यावर दुसरी असेल, तरी नव्हे. नळीचा व्यास सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरा नसतो.

डायनो (जोर मोजणारं यंत्र) हाताशी असेल तर उत्तम. नसेल तरी ओबीडीतून, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमधून, लॉग (आकड्यांची नोंद) घेता येतो. एकाच गिअरमध्ये, त्याच सपाट आणि मोकळ्या बंद रस्त्यावर, १,८०० पासून पूर्ण थ्रॉटल देऊन लाल रेषेपर्यंत न्या. आरपीएम, हवेचा प्रवाह, इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ), नॉक रिटार्ड (मिश्रण अवेळी पेटून होणारा नॉक टाळायला ईसीयूने मागे ओढलेलं टायमिंग) आणि मिश्रणाचं प्रमाण एवढं नोंदवा. हेडर बसवण्याआधीचा असाच लॉग असेल तर अर्धी लढाई तिथेच जिंकलात. नसेल तर निदान पुढच्या वेळी कुठलाही पार्ट बदलण्याआधी घेऊन ठेवा.

आता यातला सगळ्यात उपयोगी आकडा. गाडीला मास एअरफ्लो सेन्सर असेल तर एका ठरावीक आरपीएमला, समजा २,५०० ला, पूर्ण थ्रॉटलवर दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत जाते ते जुन्या-नव्या लॉगमध्ये ताडून बघा. दोन्ही दिवसांचं तापमान साधारण सारखं हवं. हवा खरोखर कमी झाली असेल तर सिलिंडर कमी भरतोय, म्हणजे श्वासाचा प्रश्न आहे आणि हेडरचं माप संशयितांच्या यादीत येतं. हवा तेवढीच आहे पण जोर कमी आहे, तर मग इंधन किंवा ठिणगी. तिथे हेडरच्या व्यासावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

एअरफ्लो सेन्सर नसून मॅप सेन्सरवर (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) चालणारी गाडी असेल तर हे थेट दिसणार नाही, पण एक्झॉस्टमधून मिश्रणाचं प्रमाण मोजणारा वाइडबँड मीटर तेच काम आडवाटेने करतो. अशा गाडीत ईसीयू जुन्या टेबलवरूनच इंधन टाकत राहतो. पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण पूर्वीपेक्षा रिच (इंधन जास्त) दिसलं तर हवा कमी येतेय. लीन (इंधन कमी) दिसलं तर हवा वाढलीय आणि इंधन मागे पडलंय. खालच्या टप्प्यात रिच, वरच्या टप्प्यात लीन अशी जोडी सापडली की समजा, हेडर मोठ्या मापाचाच आहे आणि अगदी पुस्तकाप्रमाणे वागतोय.

गळती: निम्मं दुखणं इथेच संपतं

गळतीतून गॅस बाहेर जातो एवढंच बहुतेकांना माहीत असतं. उलटं जास्त त्रासाचं आहे. एक्झॉस्टमधला दाब सतत वर-खाली होतो. प्रत्येक ठोक्यामागोमाग नळीत काही क्षण बाहेरच्या हवेपेक्षाही कमी दाब तयार होतो. फ्लँजला (हेडर इंजिनाला बोल्टने जोडणाऱ्या पट्टीला) किंवा कलेक्टरच्या (सगळ्या नळ्या एकत्र येतात त्या भागाच्या) जोडाला फट असेल तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. ती ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचते, सेन्सर ईसीयूला सांगतो की मिश्रण लीन आहे, आणि ईसीयू इंधन वाढवतो. प्रत्यक्षात मिश्रण ठीकच होतं. आता ते रिच झालं. आयडलला आणि हलक्या थ्रॉटलवर गाडी जड लागते, प्लग काळे पडतात, आणि मालक म्हणतो हेडर मोठा झाला.

याची खूण फ्युएल ट्रिममध्ये, म्हणजे ईसीयू इंधन किती कमी-जास्त करतोय त्या आकड्यात, मिळते. आयडलला ट्रिम बरीच धन बाजूला, आणि आरपीएम व भार वाढला की शून्याकडे. इनटेकला गळती असली तरी ट्रिम हुबेहूब अशीच दिसते, त्यामुळे हेडर बसवताना इनटेकच्या बाजूचा एखादा व्हॅक्यूम होस निखळला नाही ना, हेही बघून घ्या. धुराच्या मशीनने दोन्हीकडे तपासता येतं. मशीन नसेल तर थंड इंजिनावर शेपटाच्या पाइपातून व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू लावा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे खोटं बोलत नाहीत.

थंड इंजिन चालू केल्यावर टिक-टिक आवाज येतो आणि दोन-चार मिनिटांत विरतो, ही फ्लँजच्या गळतीची जुनी ओळख. धातू तापून फुगला की फट मिटते. पूर्ण मिटत नाही, फक्त ऐकू येणं बंद होतं.

हेडर काढलाच तर जुनं गॅस्केट फेकू नका, उजेडात धरून बघा. पोर्टच्या (इंजिनातून गॅस बाहेर पडतो त्या छिद्राच्या) कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत गेलेला काजळीचा काळा पट्टा म्हणजे गॅसने काढलेली वाट. मग फ्लँजवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकणं अगदी नेहमीचं. पातळ फ्लँजच्या हेडरमध्ये तर गृहीतच धरा. वाकलेला फ्लँज घासून सपाट करून घ्यायचा. दोन गॅस्केटं एकावर एक घालणं हा इलाज नव्हे. नवा हेडर चार-सहा वेळा तापून निवला की बोल्ट ढिले पडतात; थंड इंजिनावर टॉर्क रेंचने पुन्हा आवळायचे. हे काम कंटाळवाणं आहे म्हणूनच टाळलं जातं.

त्याच वेळी पोर्ट आणि नळीचं तोंड एकमेकांवर कसं बसतं तेही बघा. नळीची कड पोर्टच्या आत डोकावत असेल, किंवा गॅस्केटचा ओठ वाटेत येत असेल, तर गॅस तिथेच अडखळतो. नळी पोर्टपेक्षा किंचित मोठी असणं चालतं. उलट, पोर्टच्या तळाच्या बाजूला तयार होणारी ती पायरी मागे फिरणाऱ्या गॅसला थोडं अडवते, म्हणून काही जण ती मुद्दाम ठेवतात. बोट आत घालून वेल्डचा मणी चाचपून बघा. आतून मोत्यांच्या माळेसारखा उंचवटा लागला तर त्या हेडरचा छापलेला व्यास तेवढा कागदावरच आहे.

सेन्सर, वायरी आणि खोटा नॉक

लांब हेडरमध्ये ऑक्सिजन सेन्सर मूळ जागेपेक्षा बराच खाली, कलेक्टरपाशी जातो. तिथे गॅस थोडा निवलेला असतो आणि संदेश उशिरा पोहोचतो. सेन्सरचा हीटर धड असेल तर बहुतेक गाड्या हे निभावून नेतात. वायर वाढवताना जोड कच्चा राहिला तर नाही. एकाच नळीवर सेन्सर बसवलेला असेल तर तो एकाच सिलिंडरची हकीकत सांगतो आणि ईसीयू ती चौघांची समजतो.

प्लगच्या वायरी आणि बूट (प्लगवर बसणाऱ्या रबरी टोप्या) तपासा. हेडरची नळी मूळ मॅनिफोल्डपेक्षा वेगळ्या वाटेने जाते आणि बूट तिला टेकतो. भाजलेला बूट हलक्या भाराला ठिणगी देतो आणि पूर्ण थ्रॉटलला, खालच्या आरपीएमला, सिलिंडरमध्ये दाब चढला की दगा देतो. नेमकं "खालून उचलत नाही" हेच लक्षण. संशय असेल तर थंड इंजिन चालू करून पहिल्या मिनिटभरात इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक नळीचं तापमान फ्लँजपासून सारख्याच अंतरावर घ्या. बाकीच्यांपेक्षा गार राहिलेली नळी म्हणजे न जळणारा सिलिंडर.

आणि हे कुणी पटकन सांगत नाही: हेडर कुठेतरी चेसिसला, स्टिअरिंगच्या शाफ्टला किंवा गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटला टेकून खडखडत असेल तर नॉक सेन्सर तो खडखडाट नॉक समजतो. ईसीयू टायमिंग मागे ओढतो, टॉर्क जातो. लॉगमध्ये हे ठसठशीत दिसतं: ठरावीक आरपीएमच्या अरुंद पट्ट्यात नॉक रिटार्ड, कधीकधी इतक्या हलक्या थ्रॉटलवर की तिथे खरा नॉक होणंच अवघड. गाडी उचलून नळ्यांवर टॉर्च मारा. एखाद्या ठिकाणी रंग उडून रुपयाएवढा चकचकीत डाग पडलेला दिसेल. तिथे नळी घासतेय. इंजिन माउंट थकलेले असतील तर उभ्या गाडीत फट दिसते आणि जोर लावताना ती मिटते, तेव्हा माउंटही बघाच.

ट्यून केलंय का?

एअरफ्लो सेन्सरवरच्या गाडीत हेडरनंतर मिश्रण बऱ्यापैकी सांभाळलं जातं, टायमिंग मात्र जुनंच राहतं. मॅप सेन्सरवाल्या गाडीत दोन्ही जुनी. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत इंधनाचे जेट जुने. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग असेल तर कॅमचा ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा अवधी) नव्या हेडरप्रमाणे बदलायलाच हवा, कारण जुन्या मॅनिफोल्डसाठी ठरवलेला ओव्हरलॅप नव्या नळ्यांमध्ये खालच्या आरपीएमला उलटा पडू शकतो. ट्यूनशिवाय हेडरला नावं ठेवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅक प्रेशरचं भूत

इथपर्यंत सगळं स्वच्छ निघालं आणि लॉगमध्ये खालच्या टप्प्यात हवा खरंच कमी येतेय, तर मग व्यासाकडे वळायचं. पण त्याआधी बॅक प्रेशरचा निकाल लावू.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोहोचण्याच्या ५० ते ७० अंश आधीच उघडतो. त्या वेळी सिलिंडरमध्ये बाहेरच्या हवेच्या कित्येक पट दाब असतो. तो सुटला की दोन गोष्टी नळीतून निघतात आणि त्यांची गल्लत करू नये. एक म्हणजे दाबाची लाट. ती त्या तापलेल्या गॅसमधल्या ध्वनीच्या वेगाने, सेकंदाला सुमारे ६०० मीटरने पळते, कलेक्टरला पोहोचते, आणि जागा एकदम रुंद झाल्यामुळे तिथून ऋण लाट होऊन उलटी फिरते. दुसरी म्हणजे खुद्द गॅसचा स्तंभ, जो बराच सावकाश जातो. पिस्टन वर येऊन मंदावतो तेव्हाही हा स्तंभ आपल्या वेगाच्या जोरावर पुढे जात राहतो आणि मागे ओढ निर्माण करतो. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात त्या ओव्हरलॅपच्या क्षणी ही ओढ आणि ती ऋण लाट मिळून उरलासुरला जळका गॅस बाहेर खेचतात आणि ताज्या हवेला आत यायला सुरुवात करून देतात. हेडरची सगळी कमाई एवढ्याच अवधीतली.

नळी फार रुंद असली की खालच्या आरपीएमला स्तंभाचा वेग पडतो, ओढ उरत नाही, आणि जळका गॅस उलट सिलिंडरमध्ये, कधी थेट इनटेकमध्ये शिरतो. मोठा कॅम (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) असलेल्या इंजिनात हे जास्त जाणवतं: हलक्या थ्रॉटलवर गाडी हिसके देत चालते आणि थ्रॉटल बॉडीच्या मागे काजळी साचते. गेलं ते हे: वेग. दाब नव्हे. बॅक प्रेशर म्हणजे पिस्टनला वर येताना ढकलावं लागणारं ओझं, ते इंजिनाला कधीच नको असतं.

मग मागे बारीक मफलर टाकल्यावर काहींना फरक का वाटतो? कारण हेडरनंतर ट्यून न करता हवा वाढलेली असते, मिश्रण लीन झालेलं असतं, आणि मागे बूच मारल्यावर हवा पुन्हा घटून मिश्रण जुन्या ठिकाणी येतं. जेट किंवा ईसीयूचं टेबल बदलून जे नीट झालं असतं ते गळा आवळून केलं, एवढंच.

व्यासाचा हिशोब

इंजिन बांधणाऱ्यांमध्ये चालत आलेला एक ठोकताळा आहे: कमाल टॉर्कच्या आरपीएमला नळीतला सरासरी वेग सेकंदाला ७५ मीटरच्या जवळपास असावा. एक्झॉस्टच्या एका स्ट्रोकला ३० भागिले आरपीएम इतके सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात एका सिलिंडरएवढं आकारमान नळीतून जायचं असतं. यातून सोपं सूत्र निघतं:

नळीचं आतलं क्षेत्रफळ (चौ. सेंमी) = एका सिलिंडरचे सीसी × कमाल टॉर्कचा आरपीएम ÷ २,२५,०००

हा वेग हिशोबापुरता आहे. गरम गॅस प्रत्यक्षात ठोक्याठोक्याने आणि याहून वेगळ्या वेगाने धावतो. पण मोजपट्टी म्हणून सूत्र आश्चर्य वाटावं इतकं बरोबर बसतं. १९९७ च्या शेवरलेट कॉर्व्हेटमधलं एलएस१ इंजिन घ्या. ५,६६५ सीसी, आठ सिलिंडर, म्हणजे प्रत्येकी ७०८ सीसी. कमाल टॉर्क ४,४०० ला. क्षेत्रफळ येतं १३.८ चौ. सेंमी, आतला व्यास ४२ मिमी. पावणेदोन इंची नळीची भिंत १.६ मिमी धरली तर आतून ४१.२ मिमी मिळतात. या इंजिनाला लोक पावणेदोन इंचीच टाकतात. २००८ च्या कॉर्व्हेटमधलं एलएस३ हे ६,१६२ सीसीचं, कमाल टॉर्क ४,६०० ला. हिशोबाने ४४.८ मिमी, आणि १ ७/८ इंची नळी आतून ४४.४. इथेही लोकांची नेहमीची पसंती तीच.

आता गंमत बघा. २००१ च्या होंडा इंटेग्रा टाइप आरचं दोन लिटरचं इंजिन कमाल टॉर्क ७,००० ला देतं. त्याला आतून ४४.५ मिमी लागतात. साध्या दोन लिटर इंजिनाचा कमाल टॉर्क ४,५०० ला असेल तर त्याला ३५.७ मिमी पुरतात. विस्थापन तेच, पण नळीचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त वेगळं. "दोन लिटरला कितीचा हेडर?" हा प्रश्नच म्हणून अर्धवट आहे, इंजिन कुठल्या आरपीएमला राबतं ते सांगितल्याशिवाय उत्तर नाही. साध्या दोन लिटर इंजिनात टाइप आरच्या मापाचा हेडर बसवणाऱ्याला खालचा टॉर्क गेल्याचं नवल वाटायला नको.

निदानासाठी हेच सूत्र उलटं वापरा. क्षेत्रफळ गुणिले २,२५,०००, भागिले एका सिलिंडरचे सीसी. दोन लिटरच्या चार सिलिंडर इंजिनावर १ ७/८ इंची हेडर असेल तर आतलं क्षेत्रफळ १५.५ चौ. सेंमी आणि उत्तर सुमारे ७,००० आरपीएम. १ ५/८ इंची असेल तर ११.४ चौ. सेंमी आणि सुमारे ५,१००. इंजिनाची लाल रेषा ६,५०० ला असताना उत्तर ७,००० येत असेल तर तो हेडर त्या इंजिनासाठी नाहीच. उत्तर कमाल टॉर्कच्या आरपीएमपेक्षा चार-पाचशेने वर असेल तर तो दोष समजू नका, इतकी ढिलाई चालते.

मोजताना दोन फसगती. हेडरवर छापलेलं माप बाहेरच्या व्यासाचं असतं, १.२ मिमी आणि १.६ मिमी भिंतीच्या दोन नळ्या बाहेरून सारख्या आणि आतून वेगळ्या. शिवाय नळी मँड्रेलवर (आतून आधार देऊन) वाकवलेली नसेल तर वळणात ती चेपलेली असते, आणि गॅस सगळ्यात अरुंद जागेचं माप पाळतो. कॅलिपर घेऊन कलेक्टरच्या टोकाला आत मोजा, आणि सगळ्यात तीव्र वळण बाहेरून दोन्ही अंगांनी मोजा.

लांबी आणि कलेक्टर

व्यासाने वेग ठरतो, लांबीने ती परतणारी लाट कुठल्या आरपीएमला कामी येते ते ठरतं. लांबीसाठीही जुना ठोकताळा आहे: १८० मध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तळाच्या किती अंश आधी उघडतो ते मिळवा, २,१५९ ने गुणा, आरपीएमने भागा, ७.६ वजा करा, उत्तर सेंटिमीटरमध्ये. व्हॉल्व्ह ६० अंश आधी उघडत असेल तर ६,००० आरपीएमसाठी सुमारे ७९ सेंमी येतात. ३,००० साठी १६५ सेंमी! एवढी नळी बॉनेटखाली मावणार कुठे? म्हणून खालचा टॉर्क हवा असेल तर ४-२-१ रचना: आधी दोन-दोन नळ्या जुळतात, मग त्या दोन मधल्या नळ्या एकत्र येतात, आणि दोन्ही टप्प्यांची मिळून लांबी खालच्या आरपीएमला उपयोगी पडते. १-३-४-२ फायरिंग ऑर्डरला (सिलिंडर पेटण्याच्या क्रमाला) १ आणि ४ एकत्र, २ आणि ३ एकत्र. जोड्या चुकवून वेल्ड केलेला हेडर दिसायला तितकाच सुंदर असतो. ४-१ रचना सगळं दान वरच्या टप्प्यावर लावते. नळ्यांच्या लांबीत दोन-चार सेंटिमीटरचा फरक रस्त्यावरच्या गाडीत शोधूनही सापडत नाही, त्यावर झोप घालवू नका.

व्ही८ मध्ये आणखी एक पेच. एलएस इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-८-७-२-६-५-४-३. विषम आकडे एका बाजूला, सम दुसऱ्या. म्हणजे ३ नंतर लगेच १, आणि २ नंतर लगेच ६, हे एकाच बाजूच्या कलेक्टरमध्ये ९० अंशांच्या अंतराने येऊन एकमेकांच्या पायात येतात. आखूड नळ्यांच्या हेडरमध्ये हे जास्त, लांब नळ्यांमध्ये कमी. व्यास बदलून हे जात नाही.

हेडर खरंच मोठा निघाला तर

लगेच विकू नका. आधी कलेक्टरकडे बघा. कलेक्टरच्या बाहेरचं तोंड फार रुंद असेल तर मधला टप्पा मोकळा पडतो. निमुळता मर्ज कलेक्टर बसवला तर नळ्या त्याच ठेवूनही गेलेला टॉर्क बराचसा परत येतो. कलेक्टरनंतर पाइप लगेच मोठ्या व्यासाचा होत असेल तर तिथे कलेक्टरच्याच व्यासाचा सरळ तुकडा घालून बघा. त्याची लांबी बदलून मधला टॉर्क वर-खाली सरकवता येतो, आणि क्लॅम्पने जोडून प्रयोग करता येतो म्हणून हा उपाय मला सगळ्यात आवडतो. कॅटालिटिक कन्व्हर्टर उडवून प्रयोग करण्याचा मोह टाळा. रस्त्यावरच्या गाडीत तो काढणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि खालच्या टॉर्कचा तो उपाय नव्हेच. मात्र कॅट आतून वितळून तुंबलाय का हे बघा. तुंबलेला कॅट वरचा जोर आधी खातो, त्यामुळे लक्षण उलटं दिसेल.

त्यानंतर व्हेरिएबल कॅमची गाडी असेल तर खालच्या टप्प्यातला ओव्हरलॅप कमी करा. एवढं करूनही हवेचा आकडा जुन्या मॅनिफोल्डखालीच राहिला तर एक पायरी लहान हेडर, किंवा पायरीदार हेडर, ज्यात नळी पोर्टपाशी लहान सुरू होऊन पुढे थोडी मोठी होते.

टर्बो गाड्यांना वरचा हिशोब लावू नका. तिथे नळीचं काम ठोक्याची ऊर्जा टर्बाइनपर्यंत शाबूत पोहोचवणं हे आहे, म्हणून नळ्या बारीक आणि आखूड बऱ्या. फुगवलेल्या मॅनिफोल्डमध्ये बूस्ट उशिरा चढतो आणि तक्रार मात्र तीच येते, "खालून मेली."

शेवटची तपासणी कागदावर होते. जुन्या मॅनिफोल्डची आणि नव्या हेडरची अशा दोन्ही टॉर्क रेघा जिथे एकमेकींना छेदतात तो आरपीएम शोधा, आणि गिअर बदलल्यावर तुमचं इंजिन कुठे पडतं तेही काढा. तिसऱ्याचं गुणोत्तर १.३६ आणि चौथ्याचं १.०३ असेल तर ७,००० ला गिअर बदलल्यावर इंजिन ५,३०० ला येतं. रेघा ४,२०० ला छेदत असतील तर ट्रॅकवर धावणाऱ्या त्या गाडीत दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. तीच गाडी रोज कामावर जायला वापरत असाल तर ती दिवसभर २,५०० च्या आसपास फिरते, आणि तिला एक पायरी लहान नळीच हवी.